खाळ की खळं

धुळ्याकडे लग्नकार्याला गेलो की ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच, "सुरतले काय करस रे भो तू?" मी सांगतो, लोकांच्या घरामागे खेळायची जागा बांधून देतो. समोरचा जरा थांबतो. "म्हंजे शायानं मैदान?" नाही, शाळेचं नाही. घरचं, एका घराचं. "आन त्याना पैसा देतस लोके?" देतात म्हटल्यावर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की सुरतेच्या लोकांबद्दल त्यानं आजवर ऐकलेलं सगळं खरंच निघालं.

त्याला दोष देत नाही. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. मी मूळचा कारखान्यांच्या जमिनी करणारा माणूस. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या डाइंग मिल, इच्छापोरची गोदामं, जिथं ट्रॉल्या धावतात आणि वर रंगाचं उकळतं पाणी सांडतं, तिथली जमीन फुटू नये हे बघायचं माझं काम. लॉकडाऊननंतर एका मिलच्या शेठनं मला घरी बोलावलं, बंगल्यामागची रिकामी जागा दाखवली आणि म्हणाला, भाऊ, मिलमध्ये केली तशीच जमीन इथं करून द्या, फक्त हिरवी. (सुरतेत मराठी माणसाचं नाव काहीही असो, तो भाऊच असतो.) त्याच्या जावयानं पिकलबॉल नावाचा खेळ आणला होता. मोठ्या लाकडी पळीसारखी बॅट, भोकं पडलेला प्लास्टिकचा चेंडू. मी जमीन केली, जावई खेळला, शेजाऱ्यानं पाहिलं. सुरतेत शेजाऱ्यानं पाहिलं की धंदा झालाच म्हणून समजा.

बाहेरच्या माणसाला कोर्ट म्हणजे रंग आणि पांढऱ्या रेघा दिसतात. आमचं सगळं काम त्याच्याखाली. सुरतेची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि वर जे काही बांधलं असेल ते आपल्याबरोबर वर-खाली नेते. म्हणून आधी ती मांडीभर खोल खणून काढायची. मग मुरूम, रोलर, दगडांची सोलिंग आणि त्यावर काँक्रीट. लोकांना वाटतं कोर्ट सपाट असतं. अगदी सपाट केलं तर पहिल्याच पावसात त्यात बदकं पाळावी लागतील. एका बाजूला अगदी हलका ढाळ द्यावा लागतो, पायाला कळू नये आणि पाण्याला कळावा इतका. मग मातीचे छोटे बांध घालून काँक्रीटला दिवसेंदिवस पाणी पाजायचं. हे पाणी पाजणं बघून गिऱ्हाईक सगळ्यात जास्त चिडतं, कारण काहीच होताना दिसत नाही. शेवटी रंग. अंगण सारवतात तसंच ते, फक्त हातात शेणाऐवजी रबराचा लांब फावडा आणि कंबर सरळ.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. एका हिरेवाल्याच्या ज्योतिष्यानं सांगितलं, आग्नेयेला निळा रंग नको. आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे तिथं निळाच येत होता. शेवटी त्या कोपऱ्यात केशरी पट्टा मारला, आणि हिरेवाल्याचा मुलगा अजूनही प्रत्येक पाहुण्याला सांगतो की ती सर्व्हिस करायची जागा आहे. दुसऱ्या एकाला रो-हाऊसच्या मागे क्रिकेटची पूर्ण खेळपट्टी हवी होती. मी टेप लावून दाखवली, म्हटलं, फलंदाज तुमच्याकडे उभा राहील, गोलंदाज मात्र शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून धावत येईल. तो गंभीरपणे म्हणाला, शेजाऱ्याशी बोलून पाहतो.

अशा गमती पुष्कळ आहेत आणि इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्याच लिहा असं घरातून सांगणं होतं. पण लिहायला बसल्यावर डोळ्यांपुढे एकच कोर्ट येतं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं कोर्ट ते. जयंतीभाईंचं.

जयंतीभाई म्हणजे एम्ब्रॉयडरीच्या मशिनींचं खातं, म्हणजे छोटा कारखाना, चालवणारा अस्सल सुरती माणूस. अंगानं स्थूल, बोलायला कमी. पालच्या पुढे, इच्छापोरकडे जाणाऱ्या रस्त्याला एका जुन्या सोसायटीत त्यांचा बंगला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची म्हातारी आत्या, कमूफोई, जी त्या घरात त्यांच्याही आधीपासून राहत होती. मुलगा मिहिर कॅनडात. तो तिकडे गेला तोच भांडून. बापाला वाटत होतं, खातं त्यानं सांभाळावं. त्याला मशिनींची खडखड नको होती. दाराशी टॅक्सी उभी असताना दोघं जे बोलले ते दोघांनीही बोलायला नको होतं, एवढंच मला फोईकडून कळलं. त्यानंतर फोन यायचे, पण ते फोईच्या नावानं. ती बोलायची आणि जयंतीभाई शेजारी बसून ऐकायचे.

पहिल्या भेटीत मी नेहमीचा प्रश्न विचारला. घरात खेळणारं कोण? मुलं किती? त्यावर अवलंबून पृष्ठभाग मऊ ठेवायचा की कडक ते ठरतं. जयंतीभाई म्हणाले, मी आणि मिहिर. मग म्हणाले, "अमने बोलतां नी फावे, भाउ. रमतां फावे." आम्हाला बोलायला जमत नाही, खेळायला जमतं. जुन्या शहरात राहत असताना रोज संध्याकाळी बापलेक गल्लीत बॅडमिंटन खेळायचे. खात्यावर कितीही कटकट झालेली असो, शाळेत कितीही कमी मार्क पडलेले असोत, रॅकेट हातात घेतलं की दोघंही हसायचे. येत्या हिवाळ्यात मिहिर पहिल्यांदाच येणार होता, मामेभावाच्या लग्नाला. लग्न बारडोलीला. जयंतीभाईंनी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. तो येईल, मागच्या दारातून कोर्ट दिसेल, आणि मग कुणालाच काही बोलावं लागणार नाही.

आता कर्जाचं. कोर्टासाठी म्हणून कर्ज कुठल्याच बँकेत मिळत नाही, हे लोकांना माझ्याकडून कळतं तेव्हा त्यांना मीच खोटं बोलतोय असं वाटतं. गाडीला मिळतं, फर्निचरला मिळतं, परदेशी सहलीला मिळतं. पण कोर्ट जमिनीला चिकटलेलं. हप्ते थकले तर बँकेनं काय उखडून न्यायचं? म्हणून ते घराच्या दुरुस्ती-सुधारणेत बसवायचं, नाहीतर चालू गृहकर्जावर वाढीव रक्कम मागायची. त्यासाठी माझा अंदाजपत्रकाचा कागद लागतो, आणि पुष्कळदा कागदाबरोबर मीही लागतो. जयंतीभाईंबरोबर मी बँकेत गेलो. साहेब तरुण आणि सज्जन होता. कागद वाचून त्यानं हिंदीत विचारलं, तासावर भाड्यानं देणार का? हल्ली बरेच लोक देतात. उत्पन्न दाखवता आलं तर मंजुरीला सोपं जातं. जयंतीभाईंनी नकारार्थी मान हलवली. साहेबानं पुन्हा विचारलं, याच्यातून येणार काय? तेव्हा ते म्हणाले, "पोयरो आवहे."

पोरगा येईल. साहेबानं पेन खाली ठेवलं. तो कुठल्या गावचा होता कोण जाणे, पण थोड्या वेळानं त्यानं स्वतःच उत्पन्नाचा रकाना भरला, काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. कर्ज मंजूर झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला काम सुरू केलं. माझा मुकादम भिलाआप्पा, शिरपूरकडचा, कोसाडच्या वसाहतीत राहणारा. माझ्याहून वयानं मोठा, म्हणून मी त्याला आप्पा म्हणायचो आणि तो मला भाऊ. पंचवीसेक वर्षं सुरतेत काढूनही आप्पा गुजराती शिकला नाही. त्याची रीत अशी की समोरचा काय बोलतो ते आधी मनात अहिराणीत फिरवायचं आणि मग उत्तर द्यायचं. बहुतेक वेळा जमायचं. मशिनीसारखा अचूक माणूस, पण भाषेच्या बाबतीत गाडी रामभरोसे.

खणायला घेतलं त्या दिवशी कमूफोई चहा घेऊन मागच्या ओट्यावर आली. पाठीतून वाकलेली, तोंडात दात नावापुरते. कडुलिंबाकडच्या कोपऱ्याकडे बोट करून ती म्हणाली, "पेल्ला तां खाळ उतो." आप्पानं मान हलवली. ती कप गोळा करायला आली तेव्हा पुन्हा म्हणाली. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या तिसऱ्यांदा म्हणाली. मी सिमेंटवाल्याशी फोनवर भांडत होतो. भांडण संपल्यावर आप्पाला विचारलं, म्हातारी काय म्हणते?

"ती म्हनस, तठे पहिले खये व्हतं," आप्पा म्हणाला.

इथं वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या अहिराणीत ळ जवळजवळ नाहीच. तुमचा ळ तो आमचा य. काळा तो काया, डोळा तो डोया, शाळा ती शाया. आणि धान्य मळायचं जे खळं, ते खये. आप्पाचं सगळं आयुष्य समोरच्याच्या ळ चा य करण्यात गेलेलं. म्हातारी बोबड्या तोंडानं 'खाळ' म्हणाली, त्यानं सवयीनं ळ चा य केला, आणि त्याच्या मनात त्याच्या गावचं खळं उभं राहिलं. त्यात वावगं काय होतं? या सगळ्या सोसायट्या एके काळी शेतंच होती. शेत म्हटलं की कुठं तरी खळं असणारच.

"खयानी जमीन शे भाऊ, बैलेसनी तुडवेल," तो खुशीत म्हणाला. "दगडना मायक ऱ्हास."

आणि झालंही तसंच. त्या कोपऱ्यात हातभर खणल्यावर टिकाव खणकन वाजला. खाली दगडासारखं घट्ट काही तरी लागलं. आप्पानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघा, मी काय म्हटलं होतं. बाकी सगळी काळी माती आम्ही मांडीभर काढली, तो कोपरा तेवढा वरवर साफ करून मुरूम टाकला. मीही उभं राहून बघितलं आणि ठीक आहे म्हटलं.

गुजरातीत खळ्याला खळुंच म्हणतात. खाळ म्हणजे वेगळं. न्हाणीचं, मोरीचं, संडासाचं पाणी जिरवायचा विटांचा कुवा, तो खाळ. पालिकेचं गटार येण्याआधी त्या सोसायटीतल्या प्रत्येक घरामागे असा एक होता. टिकाव वाजला तो त्याच्या झाकणावर.

पावसाळ्याआधी कोर्ट तयार झालं, पिकलबॉलचं, कारण बॅडमिंटनइतकं धावणं आता जयंतीभाईंना झेपणार नव्हतं. हिरव्या जमिनीवर निळा चौकोन, मधे जाळी. जयंतीभाई त्या वयात आणि त्या अंगानं रोज सकाळी कम्पाउंडच्या भिंतीवर एकटे चेंडू मारायचे. फोनवर मला सांगायचे, आज सलग इतके मारले. आवाज असा की मलाच त्यांच्या गुरुजीसारखं वाटायचं. पाऊस गेला. नवरात्रात त्यांना कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली. दिवाळीत तिथं चेंडू टाकला तर नेहमीचा टणक आवाज न येता बद्द आवाज यायला लागला. त्या वेळी माझी माणसं गावी गेलेली. खानदेशची माणसं दिवाळीला गेली की तुळशीचं लग्न लावल्याशिवाय परत येत नाहीत, हे सुरतेत सगळ्यांना ठाऊक आहे. ती आली तोवर कोपरा दोन बोटं खाली बसला होता.

आप्पानं उकिडवं बसून पहारीनं एक तुकडा उचकटला. आतून कुजका, गार वास आला. कमूफोई ओट्यावरच होती. "उं तो केती उती," ती म्हणाली. मी तर सांगत होते.

आप्पा तिच्याकडे वळून, तिला कळावं म्हणून मुद्दाम ळ लावून म्हणाला, "मावशी, तू तर खळं म्हनेल व्हती."

"खळुं नी!" म्हातारी चिडली. "खाळ! खाळकूवो! जाजरूनो!" आणि तिनं हातानं खोल, खोल, असं दाखवलं.

जाजरू म्हणजे संडास, हा शब्द आप्पाला कळला. त्यानं पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "आपला कानच खोटा निंघना भाऊ." पाऊणशे-शंभर जमिनी केलेला तो माणूस, मी त्याचा चेहरा इतका पडलेला कधी पाहिला नव्हता.

खर्च माझाच होता, त्यावर वाद नव्हता. प्रश्न वेळेचा होता. मिहिर यायला थोडेच दिवस राहिले होते. मी जयंतीभाईंना दोन रस्ते सांगितले. एक, वरून भोकं पाडून आत सिमेंटचा रबडा ओतायचा, वरून रंग मारायचा. हिवाळा निघून जाईल, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बसेल. दुसरा, कोपरा पुरा तोडायचा, कुवा उपसायचा, दगड-मुरमानं भरून काढायचा, नवं काँक्रीट, पाणी, रंग. पक्कं काम. पण मिहिर असेपर्यंत काही ते होणार नाही.

"तमे हुं केव?" त्यांनी विचारलं. तुम्ही काय म्हणता?

आयुष्यात हा प्रश्न मला शेकडो गिऱ्हाइकांनी विचारला असेल. माझं उत्तर कधी बदललं नाही आणि त्याचा मला अभिमान होता. मी छाती काढून म्हणालो, शेठ, काम पक्कंच करू. थुकपट्टी माझ्याकडून होणार नाही.

 मग त्यांचा चेहरा खुलला. "पाक्कुं करो," ते म्हणाले. "पोयरो एक ज वार थोडो आववानो?" पोरगा एकदाच थोडा येणार आहे?

कुव्यात आप्पा स्वतः उतरला. आधी झाकण तोडून दोन दिवस वारा खेळू दिला, मग कमरेला दोर बांधून गेला. बाकीच्यांना त्यानं जवळ फिरकू दिलं नाही. बादल्या वर येत होत्या आणि फोई नाकाला पदर लावून त्याला वरून सांगत होती, अजून आहे, अजून आहे. आता मात्र तिचा प्रत्येक शब्द तो दोनदा विचारून घेत होता. कुवा भरला, ठोकला, वर काँक्रीट टाकलं, मातीचे बांध घातले आणि पाणी भरलं. त्याच दिवशी संध्याकाळी मिहिर आला.

पुढचं थोडं मी पाहिलं, थोडं फोईनं सांगितलं. मिहिरनं येताना दोन बॅटी आणल्या होत्या, चांगल्यातल्या. फोईनंच त्याला फोनवर कोर्टाचं सांगून टाकलं होतं, तिच्या पोटात काही राहत नाही. मागचं दार उघडून तो उभा राहिला. समोर जाळी काढून ठेवलेलं कोर्ट, एका कोपऱ्यात डबकं, कडेला माती, पोती, पहारी. जयंतीभाई मागून म्हणाले, पाय नको टाकू, काम चालू आहे. मग त्यांनी त्याला खाळ आणि खळ्याची गोष्ट सांगितली. दोघं थोडे हसले. आणि त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. मिहिर बारडोलीला गेला, आला, मित्रांकडे गेला, आला. जेवायच्या टेबलावर खात्याचा विषय निघाला आणि दोघंही गप्प झाले. जयंतीभाई सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन कोपऱ्याला पाणी घालायचे. मी सांगितलं होतं ना, पाणी कमी पडू देऊ नका.

ज्या दिवशी तो परत जायचा होता त्या दिवशी मी काँक्रीट बघायला गेलो होतो. बापलेक ओट्यावर चहा घेत होते. टॅक्सी यायला थोडा वेळ होता. मी बांधाजवळ वाकून बोटानं पाणी तपासत होतो. मिहिर सगळ्या कोर्टावरून नजर फिरवत होता. मग तो अगदी सहज, हसतच म्हणाला, "पप्पा, गलीमां तो वच्चे गटरनुं ढांकणुं उतुं. तो बी आपणे रमता ज उता ने?"

गल्लीत तर मधोमध गटाराचं झाकण होतं. तरी खेळायचोच ना आपण?

जयंतीभाईंनी कप खाली ठेवला. मी वाकलेला होतो तसाच राहिलो. मान वर केली तर समोर कोर्ट दिसत होतं. डबकं एका कोपऱ्यात. बाकीचं सगळं कोर्ट कोरडं, रंग शाबूत, उन्हात चकचकीत. इतके दिवस ते तसंच पडून होतं. कडुलिंबापासून खांबापर्यंत एक दोरी बांधली असती तर दोघंजण आरामात खेळू शकले असते. नियमाप्रमाणे नसतं झालं. पण नियमाप्रमाणे खेळायला आला कोण होता? हे मला सुचायला हवं होतं. कोर्टाच्या धंद्यात मी होतो, ते दोघं नव्हते. पण मला फक्त कोपरा दिसत होता. आणि जयंतीभाई माझ्या शब्दावर विसंबून होते, काम चालू असताना पाय टाकायचा नाही. त्यांनी स्वतःही टाकला नव्हता.

जयंतीभाई उठले. मला वाटलं आता ते म्हणतील, चल, आण बॅट. तेही तसंच काही म्हणणार होते असं मला अजून वाटतं. पण बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला आणि फोई डोळे पुसत मसालापुऱ्यांचा डबा घेऊन आली. मिहिर पाया पडला. दोन्ही बॅटी त्यानं ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, पुढच्या वेळी.

पुढे काम उत्तम झालं. आमच्यात शेवटची परीक्षा पाण्याची. सगळ्या कोर्टावर पाणी सोडायचं, निथळू द्यायचं, आणि जिथं पाणी राहिलंय तिथं नाणं ठेवायचं. नाणं बुडालं तर तेवढी जागा पुन्हा करायची. जयंतीभाईंच्या कोर्टावर नाणं ठेवायला जागाच सापडली नाही. इतका नेमका ढाळ मला पुन्हा कधी साधला नाही. जयंतीभाईंनी फोनवर त्याचा व्हिडिओ काढून कॅनडाला पाठवला. तिकडून उत्तरादाखल वर केलेला अंगठा आला. आम्ही सामान भरलं, आप्पानं फोईच्या पाया पडून घेतलं, आणि टेम्पो निघाला.

मिहिर पुढच्या वर्षी आला नाही. तिकडे घर घेतलं, मग त्याला मुलगी झाली, मग नोकरी बदलली. कुणाची कारणं खोटी नव्हती. जयंतीभाईंना त्यानं बोलावलं, पण खातं टाकून ते गेले नाहीत, आणि नंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हप्ते चालू आहेत. भिलाआप्पा गावी परतला. जाईपर्यंत त्यानं एक नियम पाळला, घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापाशी बसून, हातवारे करायला लावून, जमिनीखाली काय आहे ते विचारून घ्यायचा. आमची पोरं अजूनही कुठल्याही कामात शंका आली की एकमेकांना विचारतात, खाळ का खये? आणि हसतात. मीही हसतो. पण मला दर वेळी कुवा आठवत नाही. कोरडं पडलेलं बाकीचं कोर्ट आठवतं.

पक्क्या कामाचा मला अजूनही अभिमान आहे. पोरांना मी अजून तेच शिकवतो. पण त्या एका घरी मी कच्चं काम करायला हवं होतं. रबडा ओतून, रंग फासून, हिवाळाभर टिकेल असं. कोपरा पुढच्या पावसात बसला असता तर बसला असता.

रंगाचा नवा हात द्यायला म्हणून गेल्या महिन्यात मी तिथं गेलो. खरं म्हणजे गरज नव्हती. रंग वापरानं जातो, आणि हा जसाच्या तसा होता. फोई आता अंथरुणावर असते. जयंतीभाई काठी टेकत मागे आले, खुर्चीत बसले. थोड्या वेळानं आत जाऊन त्या दोन बॅटी घेऊन आले. एकीच्या मुठीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ती माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "तमने रमतां आवडे, भाउ?"

गुजरातीत आवडे म्हणजे येतं, जमतं. तुम्हाला खेळता येतं का, असं ते विचारत होते. म्हटलं, नाही शेठ. इतकी कोर्टं केली, पण हातात बॅट कधी धरली नाही.

त्यांनी मान हलवली. दुसरी बॅट मांडीवर ठेवली, कोर्टाकडे पाहिलं.

"मने बी उवे नी आवडे," ते म्हणाले.

मलाही आता येत नाही, हा त्याचा अर्थ सुरतेत इतकी वर्षं काढून मला माहीत नाही असं नाही. पण त्या वेळी तो शेवटचा शब्द मी मराठीतच ऐकला.